क्लाससाठी माऊथगार्डची घाऊक खरेदी आणि एक उकळतं पातेलं

जून उजाडला, शाळा सुरू झाल्या की आमच्या क्लासला नवीन पोरांची रांग लागते आणि माझ्या फोनवर "मॅडमजी नया स्टॉक आया है" वाले मेसेज चालू होतात. भोसरीत माझ्या दादाचा बॉक्सिंग-किकबॉक्सिंगचा क्लास आहे, तिथलं मार न खाता करायचं सगळं काम माझ्याकडे, म्हणजे फिया, पावत्या, पालकांचे फोन, स्पर्धांचे फॉर्म आणि खरेदी. ग्लोव्हज, हँडरॅप, शिनगार्ड, पॅड हे सगळं आणायचं म्हणजे पैसा जातो पण डोकं जात नाही. माऊथगार्ड, म्हणजे मार लागला तर दात वाचावेत म्हणून वरच्या दातांवर बसवायचं ते मऊ कव्हर, सगळ्यात स्वस्त आणि डोकं सगळ्यात जास्त तोच खातो. आजूबाजूच्या क्लासवाल्यांचे सारखे फोन येतात की ताई तुम्ही कुठून घेता, काय दराने घेता, प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

दर आधीच सांगते, नाहीतर तुम्ही खाली तेच शोधत जाल. गरम पाण्यात टाकून चावायचा साधा एका थराचा गार्ड, डबीसकट, शंभरच्या वर घेतला तर मला ४० ते ७० रुपयांच्या मधे पडतो, दरवर्षी थोडं इकडे तिकडे. तोच सुट्टा ऑनलाईन घ्यायला गेलात तर दीडशे-दोनशे. दोन थरांचा, आतून मऊ बाहेरून कडक, ज्याला हे लोक जेलवाला म्हणतात, तो घाऊकात १२० ते २००. मोठ्या परदेशी ब्रँडचा पाचशेपासून पुढे कितीही. आणि डेंटिस्टकडे माप देऊन करून घेतला तर आमच्या भागात दोन ते चार हजार. बिनडबीचे अजून स्वस्त मिळतात पण ते घेऊ नका, डबी नसली की पोरं गार्ड शॉर्टसच्या खिशात, बुटात, नाहीतर ग्लोव्हच्या आत कोंबतात, आणि वापरलेल्या ग्लोव्हच्या आतला वास ज्याला माहितीये त्याला पुढचं सांगायला नको.

झालं दराचं. आता खरं सांगू का, या दरावर ना फार काही ठरत नाही. चाळीसचा गार्ड नीट बसवला तर काम करतो आणि आठशेचा न बसवलेला गार्ड बॅगेच्या कप्प्यात पडून राहतो. आम्ही पहिल्यांदा सगळ्या पोरांना वाटले तेव्हा महिनाभरात निम्म्या पोरांच्या तोंडात गार्ड दिसेना, विचारलं की "सर उलटीसारखं होतं", "सर श्वास घेता येत नाही", "सर पडतोच सारखा". तिन्ही तक्रारी खऱ्या, आणि तिन्हींचं कारण एकच की तो घरी कुणीतरी चहाच्या पातेल्यात बुडवून कसातरी चावून आणलेला. त्यामुळे माझ्या हिशोबात गार्डची किंमत म्हणजे गार्ड अधिक तो बसवायला लागणारा वेळ, आणि ऑर्डर देताना मी आधी हे बघते की हा माल आमच्या पातेल्यात कसा वागेल.

प्रकार तीनच. एक तयार, जसा आहे तसा तोंडात ठेवायचा, तो दात आवळून धरावा लागतो, तोंड उघडलं की बाहेर. हा फुकट दिला तरी घेऊ नका. दुसरा गरम पाण्यात मऊ करून चावायचा, बहुतेक क्लास यावरच चालतात. तिसरा डेंटिस्टचा, वरच्या दातांचं माप घेऊन प्लास्टरचा साचा करायचा आणि त्यावर शीट गरम करून बसवायची. मटेरियल बहुतेक सगळ्यांचं ईव्हीए, म्हणजे ज्याच्या हलक्या स्लिपरा आणि बुटांचे सोल येतात त्याच जातीतलं. ते थोड्या गरमीत मऊ होतं आणि गार झालं की घेतलेला आकार धरून ठेवतं, सगळी गंमत एवढीच आहे.

ऑर्डर द्यायच्या आधी पोरं मोजायची, आणि नुसती डोकी मोजून उपयोग नाही, तोंडं बघायची. पाकिटावर साधारण अकरा वर्षांच्या खाली ज्युनिअर आणि वर सिनिअर असं असतं पण वयावर जाऊ नका. आमच्याकडे दहा वर्षांचा एक मुलगा आहे तो दिसायला आठवीतला वाटतो आणि चौदा वर्षांची एक मुलगी आहे तिला अजून ज्युनिअरच बसतो. सप्लायरला नुसतं "शंभर पाठवा" म्हणलं की तो ऐंशी सिनिअर पाठवतो, कारण सगळीकडे मोठ्यांचाच माल जास्त उठतो. आमचा क्लास म्हणजे बहुतेक शाळेतली पोरं, त्यामुळे माझी ऑर्डर नेमकी उलटी असते आणि ती मी मेसेजवर लिहून घेते, फोनवरच्या बोलण्यावर सोडत नाही. शिवाय सहा ते बारा या वयात दुधाचे दात पडत असतात, पक्के येत असतात, आज नीट बसवलेला गार्ड दिवाळीपर्यंत बसत नाही. म्हणून लहान पोरांना महागडा गार्ड घ्यायला मी पालकांना स्वतःहून नको म्हणते, स्वस्त घ्या आणि वर्षात दोनदा बदला. मोठ्यांचं उलट, अठरा-वीसचा पोरगा स्पर्धा खेळतोय, दात सगळे आलेत, त्याने एकदाच डेंटिस्टकडून करून घ्यावा. दोन-तीन हजार जास्त वाटतात पण एका दाताची रूट कॅनल आणि कॅप याचं बिल कधी भरलंय का, मग बोला.

आता रंग. ही गोष्ट कुणी सांगत नाही आणि ऐन स्पर्धेत पंचाईत होते. बॉक्सिंगमध्ये लाल किंवा थोडासा जरी लाल असलेला गार्ड चालत नाही, कारण तोंडातून रक्त आलं तर रेफरीला कळलं पाहिजे. तायक्वांदोत तर पांढरा नाहीतर पारदर्शकच लागतो. आणि पोरांना काय आवडतं तर लाल-काळा, वर वाघाचे सुळे छापलेला! घाऊकवाल्यांकडे मिक्स रंगाचं कार्टन नेहमी दोन-पाच रुपयांनी स्वस्त असतं आणि त्यात हमखास चौथा हिस्सा लाल निघतो. आमच्याकडे बॉक्सिंग आहे, किकबॉक्सिंग आहे, काही पोरं शाळेतर्फे तायक्वांदो खेळतात, म्हणून मी सरळ सगळे पारदर्शक घेते, कुठेच अडत नाही. पारदर्शकाचा एकच ताप, निळ्या मॅटवर पडला की सापडत नाही आणि सगळ्यांचे सारखेच दिसतात. त्यावर इलाज म्हणजे डब्या रंगीत मागवायच्या, गार्ड पारदर्शक आणि डबी हिरवी, पिवळी, निळी, आणि डबीवर मार्करने नाव. गार्डवर नाव लिहायचा प्रयत्न करू नका, दोन दिवसांत पुसलं जातं आणि ती शाई कुठे जाते ते तुम्हीच विचार करा.

माल कुठून, तर खेळाच्या सामानाचं देशातलं मोठं काम मेरठ आणि जालंधरला चालतं, ग्लोव्हज-पॅड तिकडूनच येतात आणि त्याच पार्सलमध्ये गार्ड टाकून घेतले की ट्रान्सपोर्ट वेगळं पडत नाही. थोडेच हवे असतील आणि हातात धरून बघायचे असतील तर मुंबईला धोबी तलावच्या दुकानांत जा, एका रांगेत दुकानं आहेत, भाव करता येतो, फक्त दुपारी जेवायच्या वेळेला जाऊ नका. पाच-दहाच हवे असतील तर डेकॅथलॉन बरं. पण पन्नासच्या वर गेलात की उत्तरेकडूनच मागवणं परवडतं.

पण सॅम्पल मागवल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत. आणि सॅम्पल म्हणजे एक नाही, चार-पाच. मी काय करते ते सांगते. एक गार्ड उघडून नाकाशी धरायचा, नव्या रेनकोटसारखा भपकन वास आला तर तो माल बाद, तोंडात घालायची वस्तू आहे ती. दुसरा ब्लेडने मधोमध कापायचा. आमच्या एका मुलाचे वडील एमआयडीसीत टूलरूममध्ये आहेत, ते पहिल्या वेळी हौसेने स्वतःचं व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) घेऊन आले, आणि तेव्हापासून दर सॅम्पलचं माप तेच काढतात. पुढच्या दातांसमोर जाडी किती, चावायच्या जागी किती. आणि हे न चावलेल्या गार्डचं माप घेऊन भागत नाही, तिसरा गार्ड खरोखर पातेल्यात टाकून कुणाच्या तरी दातांवर बसवायचा आणि मग कापून मापायचा. पुढच्या बाजूला साधारण ३ मिलिमीटर आणि दाढांवर २ मिलिमीटर तरी राहायला पाहिजे असं डेंटिस्ट लोक सांगतात. स्वस्तातला गार्ड पाकिटात चार मिलिमीटर असतो आणि चावल्यावर दाढेखाली पापडासारखा उरतो, उजेडासमोर धरला तर आरपार दिसतं. दोन थरांचा असेल तर उकळत्या पाण्यातून काढल्यावर थर सुटतायत का ते बघायचं, कडेला नख लावून.

एका सप्लायरने आम्हाला सॅम्पल सुंदर पाठवलं आणि लॉट आला तो पातळ. नाव सांगत नाही, सांगून उपयोग पण नाही, उद्या तो दुसऱ्या नावाने मेसेज करेल. तेव्हापासून आमचा नियम असा की निम्मे पैसे आधी, निम्मे माल उघडून मोजल्यावर, बिल पक्कं, आणि सॅम्पलमधला एक गार्ड पिशवीत सील करून ड्रॉवरमध्ये. भांडायची वेळ आली तर दोन्ही शेजारी ठेवून फोटो पाठवायचा. तो बिचारा हिंदीत पाच मिनिटं "ऐसा हो ही नहीं सकता" करतो आणि मग पुढच्या बिलात वळतं करतो. आणि हो, खोक्यावर सीई (युरोपच्या नियमांत बसतो अशी खूण) छापलेलं असलं म्हणून भारावून जाऊ नका, छापायला काय, काहीही छापता येतं, कागद मागितला की समोरचा गप्प होतो.

आता पातेलं. वर्षातून दोन रविवार आम्ही बसवणीचे ठेवतो, एक जूनच्या शेवटी आणि एक दिवाळीच्या सुट्टीनंतर. घरी न्यायला गार्ड देतच नाही. सामान म्हणजे गॅसची शेगडी, मोठं पातेलं, झारा, गार पाण्याची परात, त्यात बर्फ, एक आरसा, कात्री, घड्याळ. पाणी खळखळून उकळलं की गॅस बंद, थोडं थांबायचं, मग गार्ड झाऱ्यात ठेवून आत. गॅस चालू ठेवून टाकला की गार्ड गुंडाळला जातो, कडा एकमेकींना चिकटतात, गेला कामातून. किती सेकंद ते पाकिटावर लिहिलेलं असतं आणि ते बहुतेक वेळा चूक असतं, म्हणून प्रत्येक लॉटचा पहिला गार्ड बळीचा बकरा, तो मऊ व्हायला किती वेळ लागला ते फळ्यावर लिहायचं आणि मग सगळ्यांना तोच हिशोब. एका वेळी तीन-चारच्या वर टाकायचे नाहीत, पाणी लगेच निवतं आणि पाचवा पोरगा कडक गार्ड चावत बसतो.

बाहेर काढला की एक क्षण गार पाण्यात नुसता दाखवायचा, नाहीतर हिरडी भाजते. मग आरशात बघत वरच्या दातांवर मधोमध बसवायचा, मधली खूण दोन पुढच्या दातांच्या फटीसमोर. आणि मग दादाचं ठरलेलं वाक्य, "हळू चाव, जोर लावू नको". कारण चाव म्हणलं की आमची पोरं मटणाची नळी फोडल्यासारखी चावतात आणि गार्ड आरपार. हळू चावायचं, गालाच्या बाहेरून बोटांनी दाबायचं, आतली हवा आणि थुंकी ओढून घ्यायची, जीभ टाळूला लावून वर रेटायची. वीस-तीस सेकंद. मग परातीत. ज्याचा खालचा जबडा पुढे आहे त्याचं वेगळं असतं, तो खालच्या दातांवर बसवावा लागतो, असा एखादा प्रत्येक बॅचला निघतोच आणि तो दादा डेंटिस्टकडेच पाठवतो.

बसला का नाही हे बघायची परीक्षा सोपी आहे. तोंड उघड, आ कर, डोकं जोरात हलव. पडला तर परत पातेल्यात. एकदा-दोनदा परत करता येतो, त्यापुढे मटेरियल ताणून पातळ होतं. मग त्याला आपलं नाव, शाळा आणि गावचं नाव मोठ्याने सांगायला लावायचं, बोबडं का होईना कळलं पाहिजे. आणि उलटी येते म्हणणाऱ्याचा मागचा भाग कात्रीने थोडा थोडा कापायचा, एकदम नाही, पुढून पहिली मोठी दाढ तरी झाकलेली राहिली पाहिजे. कापलेली कड टोचते, ती चमचा गरम करून हलकी फिरवली की गुळगुळीत होते. हे सगळं एका पोराला पाच-सात मिनिटं. म्हणजे चाळीस पोरांचे नुसते बसवायचेच चार-साडेचार तास जातात, दोन माणसं लागतात, आणि दुपारी वडापाव सांगावे लागतात, ते पण खर्चातच धरा.

पालक थांबलेले असतात म्हणून दादा तेव्हा गोष्टी सांगत बसतो. त्याची आवडती म्हणजे १८९० च्या सुमाराची, लंडनमध्ये वूल्फ क्राउझ नावाचा डेंटिस्ट बॉक्सरांच्या दातांवर गटापर्चाच्या (झाडाच्या चिकापासूनचं रबरासारखं मटेरियल) पट्ट्या लावून द्यायचा, पुढे त्याच्या मुलाने रबराचा काढता-घालता येणारा गार्ड केला. तो टेड किड लुईस हा बॉक्सर वापरायचा, आणि १९२१ मध्ये जॅक ब्रिटनशी फाइट होती तेव्हा समोरच्यांनी हरकत घेतली की ही बेकायदेशीर वस्तू आहे, आणि त्याला तो काढायला लावला. आज घातला नाही म्हणून रिंगमध्ये घेत नाहीत! पोरांना ही गोष्ट फार आवडते, पालकांना तेवढी नाही, ते घड्याळ बघतात.

बसवणीच्या दिवशी एक गोष्ट लक्षात यायला लागली आणि ती मला कुठल्याच खरेदीच्या माहितीत वाचायला मिळाली नव्हती. मोठ्या बॅचमधले काही जण, विशीतले, कंपनीत कामाला जाणारे, त्यांच्या तोंडात सिनिअर गार्ड जातच नाही. तोंड लहान नसतं, उघडत नसतं. आपली तीन बोटं उभी धरून दातांच्या मधे गेली पाहिजेत, यांची दोन पण जात नाहीत. गुटखा, मावा, सुपारी. सुपारीने तोंडाच्या आतली कातडी आखडत जाते आणि तोंड उघडणं कमी कमी होत जातं, हा रीतसर आजार आहे आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे म्हणतात, आमच्या चौकात येऊन बघा. असा पोरगा दिसला की दादा त्याला सगळ्यांसमोर काही बोलत नाही, बाजूला घेतो, आणि मी डेंटिस्टचा पत्ता देते. काही जण जातात, काही जण क्लासलाच यायचे बंद होतात.

दातांना तारा असलेल्या पोरांचं पण वेगळं. साधा गार्ड तारांवर चावून बसवला की तो तारांतच अडकतो, काढताना दातावर चिकटवलेलं ब्रॅकेट निघतं आणि मग ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तारांचा डॉक्टर, आपल्याला शिव्या देतो. शिवाय दात सरकत असतात, म्हणजे घट्ट बसवलेला गार्ड त्यांना सरकू देत नाही. तारांवर घालायचे सिलिकॉनचे वेगळे गार्ड मिळतात, उकळायचे नसतात, ते मी पाच-सहा नेहमी वेगळे मागवते. आठवी-नववीत तर हल्ली प्रत्येक तिसरं पोरगं तारा घेऊन येतं.

सप्लायरच्या कॅटलॉगमध्ये अजून एक प्रकार असतो, "ब्रेन प्रोटेक्शन", "अँटी कन्कशन", आणि त्याचे पन्नास रुपये जास्त. एक रुपया देऊ नका. गार्ड दात वाचवतो, ओठ-गाल आतून फाटण्यापासून वाचवतो, जबड्यावरचा मार थोडा पसरवतो. मेंदूला बसणारा झटका तो थांबवतो याला बॉक्सिंगमध्ये तरी नीट पुरावा नाही. अमेरिकेत २०१२ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने ब्रेन-पॅड नावाच्या कंपनीला असले दावे पुराव्याशिवाय करायला मनाई केली होती. आपल्याकडे कोण बघतंय, खोक्यावर मेंदूचं चित्र काढून विकतात. धोका काय तर पालकांना वाटतं गार्ड घातलाय ना, मग डोक्यात बसलं तरी चालेल. नाही चालत. डोक्यात बसल्यावर गरगरलं, मळमळलं की त्या दिवशीचं स्पारिंग (जोडीदाराशी सरावाची फाइट) बंद आणि डॉक्टर, गार्ड कितीचाही असो.

पालकांकडून पैसे घ्यायचा विषय निघालाच आहे तर सांगते. आधी आम्ही गार्ड वेगळा विकायचो. ग्लोव्हजना अडीच हजार विनातक्रार देणारे काका गार्डच्या शंभर रुपयांवर "मॅडम, नंतर बघू" म्हणायचे, नाहीतर फोन काढून दाखवायचे की ऑनलाईन बिनडबीचा नव्वदला आहे. ग्लोव्हज तर आपल्या हाताला आणि समोरच्याच्या तोंडाला, आपल्या पोराचे दात कोण वाचवणार, पण ग्लोव्हज फोटोत दिसतात आणि गार्ड दिसत नाही, काय करणार. आता गार्ड आणि बसवणी प्रवेश फीतच धरली आहे, वेगळी ओळ नाही, आणि एकानेही विचारलं नाही. दुसरा गार्ड मात्र विकत. हरवला, कुत्र्याने चावला (खरंच, आणि हे वारंवार होतं, कुत्र्यांना काय आवडतं त्यात देव जाणे), तर शंभर रुपये आणि पुढच्या बसवणीपर्यंत पंचिंग बॅगवर प्रॅक्टिस. विसरलेल्याला दुसऱ्याचा धुऊन देणे हा प्रकार आमच्याकडे अजिबात नाही. गार्ड नाही तर स्पारिंग नाही, मग तो राज्य स्पर्धेला निवडलेला का असेना. यावरून दादाशी एक-दोनदा वाजलंय पण या बाबतीत माझंच चालतं.

स्टॉक ठेवायचं म्हणाल तर एका सीझनच्या वर ठेवू नका. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात खोकं राहिलं की खालच्या थरातले गार्ड दबून वाकडे होतात. पोरांच्या बाबतीत पण तेच, गाडीच्या डिक्कीत बॅग राहिली की गार्डचा आकार गेलाच समजा, मग "ताई तुमचा माल खराब" म्हणून येतात. धुवायचा गार पाण्याने आणि साध्या साबणाने, वेगळ्या ब्रशने, वाळवून डबीत, डबीला भोकं असलेलीच घ्यायची. गरम पाण्याने आई लोक कौतुकाने धुतात आणि सगळी बसवणी वाया जाते, म्हणून हे मी आता पावतीच्या मागेच छापलंय.

आमच्याकडे तालमीतून एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं एकत्र) शिकायला येणारे पैलवान आहेत, त्यांना गार्ड घालायला लावणं सगळ्यात अवघड, कारण कुस्तीत आयुष्यभर घातलेला नसतो आणि फुटलेला कान म्हणजे शान. पण मी बघते ना, आमच्याकडे दात दुखावले ते बहुतेक ठोशाने नाही, पायात घुसताना डोक्यावर डोकं नाहीतर समोरच्याचा गुडघा लागून. त्यांना मी हेच दाखवून पटवते, तुमचाच डाव आहे पैलवान, आणि त्यातच दात जातो.

एवढं करूनही कधीतरी दात निघतो. तेव्हा काय करायचं हे खरेदीच्याच यादीत लिहा, कारण तेव्हा शोधायला वेळ नसतो. पक्का दात मुळासकट निघाला तर वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मुळाला हात लावायचा नाही, घासायचा नाही. माती लागली असेल तर दुधाने नाहीतर सलाइनने हलका धुवायचा आणि जमलं तर तिथल्या तिथे परत खाचेत बसवून रुमाल चावायला द्यायचा. नाही जमलं तर दुधात टाकायचा, पाण्यात नाही, आणि तासाच्या आत डेंटिस्ट, जितक्या लवकर तितकं बरं, सुका राहिला की मुळाच्या पेशी मरतात. लहान पोराचा दुधाचा दात असेल तर तो परत बसवायचा नसतो, पण दाखवायचं मात्र नक्की. आमच्या जिन्याखालच्या चहावाल्या काकांना सांगून ठेवलंय की क्लासमधलं पोरगं धावत येऊन दूध मागायला लागलं तर आधी द्या, पैशाचं नंतर बघू. आणि जवळच्या डेंटिस्टचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा, त्याच्याखाली रविवारी कोण उघडं असतं त्याचा पण, कारण स्पर्धा रविवारीच असतात.